पान १९ वरचा फुगा

कॉमिक्सच्या मेळ्यात साठीतले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझं कॉमिक्स पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उभ्याउभ्याच वाचून काढलं. चोवीस पानं, त्यातली निम्मी बिनशब्दांची, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मग ते पुन्हा मागे गेले, पान १९ उघडलं, मधल्या पिनेजवळ अंगठा दाबून पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "ही एक ओळ लिहिलीत ना ताई, तिथे थांबलो मी. माझे वडील नेमकं हेच म्हणाले होते. कुडाळच्या स्टँडवर." त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता. मी थँक्यू म्हणाले. त्यांनी दीडशे रुपये दिले, सही मागितली, मी सही केली. पुस्तक पिशवीत नीट सपाट ठेवून ते गर्दीत दिसेनासे झाले. आजूबाजूला केप घातलेली, तोंडं रंगवलेली पोरं हिंडत होती, स्पीकरवर कसलीतरी स्पर्धा चालू होती, आणि मी हातातल्या पेनाचं टोपण लावायचं विसरून तशीच बसले होते.

ती ओळ मी लिहिलेली नाही.

पान १९ वर मुंबई सेंट्रलचा फलाट आहे. डब्याची खिडकी, तिचे आडवे गज, आणि गजांपलीकडे आप्पा, माझे वडील. मान पुढे, तोंड उघडं, एक हात अर्धवट वर. १९९८ साली मी फाइन आर्ट्स शिकायला बडोद्याला निघाले तेव्हाचं हे चित्र. गाडी हलली, त्याच क्षणी शेजारच्या फलाटावरची उद्घोषणा सुरू झाली, आणि आप्पा काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी कळल्यासारखी मान हलवली. गाडी दादरला पोचेपर्यंत मी स्वतःला सांगत होते, काय विशेष असणार, नेहमीचंच असेल. पण ते राहिलं ते राहिलंच. पुढे वीसेक वर्षांनी हे पुस्तक काढायला बसले तेव्हा सगळ्यात आधी हेच चित्र काढलं, बाकीची तेवीस पानं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत गेली. आप्पांच्या तोंडातून निघालेला बोलण्याचा फुगा मी काळजीपूर्वक, एका दमात, पेन न उचलता काढला आणि रिकामा सोडला. छापून आलेल्या पाचशे प्रतींमध्ये मात्र त्या फुग्यात टाइप केलेलं आहे: ‘पोचल्यावर पत्र टाक.’

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात हे पुस्तक छापलं. ज्यांनी कधी स्वखर्चाने काही छापलंय त्यांना तो वास माहीत असेल: शाई, केरोसीन, ओलसर पुठ्ठा आणि कुठेतरी उकळणारा चहा. मालाच्या लिफ्टमध्ये रिमांच्या शेजारी उभं राहून वर जायचं. जिन्याच्या खिडकीतून पूर्वी आप्पांच्या गिरणीची चिमणी दिसली असती, आता काचेचा टॉवर दिसतो. इतक्या कमी प्रती खरं तर डिजिटलवर काढाव्यात. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च तीनशे प्रतींना जेवढा तेवढाच तीन हजारांना, त्यामुळे थोड्या प्रती काढणाऱ्याला तो अंगावर येतो. पण मला काळा हवा होता. कॅमलच्या वॉटरप्रूफ शाईने मी रात्रीच्या फलाटाचा जो काळा भरला होता, तो डिजिटलच्या नमुन्यात मेणचट, चकाकणारा आला. ऑफसेटवर तो कागदात मुरला. मॅपलिथो कागद, नॅचरल शेड, दीड फॉर्म, सेंटर पिन. हे शब्द म्हणताना मला अजूनही बरं वाटतं.

फाइल दिली आणि घरी येऊन झोपले. चार रात्री जागत होते. फोन सायलेंटवर होता. सकाळी उठून पाहिलं तर प्रेसचे सात मिस्ड कॉल. उलट फोन केला तर मालक म्हणाले, "काही नाही मॅडम, फॉन्टचा प्रॉब्लेम होता, ताईंनी केलं रात्रीच. प्लेट गेल्या." माझा जीव भांड्यात पडला. मराठीत काम करणाऱ्या कुणालाही ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ म्हणजे काय ते सांगायला नको. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, आणि त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडल्यावर जोडाक्षरं सुटली, वेलांट्या भलत्या अक्षराला जाऊन चिकटल्या, ‘गिरणी’ची ‘गरिणी’ झाली. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून पाठवायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं. पुस्तकात शब्द असलेले फुगे एकसष्ट. डीटीपीवाल्या, म्हणजे प्रेसमध्ये अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी ते एकसष्टच्या एकसष्ट रात्री बसून आपल्याकडच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केले, माझ्या प्रिंटआउटशी ताडून पाहिले, ओळी फुग्यात बसतील अशा तोडल्या. कुणी सांगितलं नव्हतं, वेगळे पैसे मिळणार नव्हते. आणि त्याच ओघात बासष्टावा फुगा त्यांना रिकामा दिसला.

गठ्ठा घरी आला तो संध्याकाळी. सुतळी कापली, वरची प्रत काढली, वास घेतला. पान १९ वर आले आणि जमिनीवरच बसले. आधी मला वाटलं, मीच कधीतरी हे टाइप केलं असेल आणि विसरले असेन. मग अंगात कापरं भरलं. सगळ्या पुस्तकात जिथे मी काही बनवून सांगितलं नव्हतं अशी ती एकच जागा, आणि नेमकी तीच कुणीतरी भरली होती. रात्री जेवण झाल्यावर पांढरा अॅक्रिलिक आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन बसले. एकेक प्रत उघडायची, अक्षरांवर रंग द्यायचा, फुग्याच्या कडेला लागू द्यायचा नाही, वाळेपर्यंत उघडी ठेवायची. पलंगावर, ओट्यावर, वॉशिंग मशीनवर, सगळीकडे पान १९ उघडं पडलेलं. पहाटे तीनपर्यंत चाळीस प्रती झाल्या. कागद पिवळसर, रंग पांढराशुभ्र, त्यामुळे प्रत्येक फुग्यात चुना लावल्यासारखा डाग दिसत होता. लपवायला गेले ते आणखी उठून दिसायला लागलं. उरलेल्या चारशे साठ प्रती मी तशाच ठेवल्या.

फुगा हा माझ्या मनात लहानपणापासून बसलेला शब्द. लालबागला आमच्या चाळीच्या खाली जिन्याजवळ एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे दोन फळ्या आणि एक दोरी. दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स लटकवलेली, चार आणे दिवसाला. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर. तोवर ती छापायची बंद होत आली होती, त्यामुळे आमच्या वाट्याला आलेली सगळी जुनी, मधली पानं निखळलेली, कुणीतरी बॉलपेनने वेताळाला मिशा काढलेली. वाचता येण्याआधी मी ती पाहायला लागले आणि मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटायचं की माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून खरंच असं काहीतरी बाहेर येतं, फक्त मोठ्यांना ते दिसतं. पुढे चित्रकला शिकल्यावर तीच पानं मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. ते फुगे मुळात इंग्रजीसाठी काढलेले. त्यात मराठी कोंबायची म्हणजे लिहिणाऱ्याची परीक्षा. इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं सगळी एका उंचीची, विटा रचाव्यात तशी बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, पायमोडकं अक्षर. दोन ओळी जरा जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या अनुस्वारात घुसतो. शिवाय शब्द प्रत्ययांनी लांबत जातात, ‘फलाटावरच्यासुद्धा’ हा एकच शब्द अख्खी ओळ खातो आणि त्याला मध्येच तोडलं तर वाचणारा अडखळतो. शिरोरेषा सरळ, फुगा गोल. एवढ्या अडचणीतून कुणीतरी हाताने, बोरूने नाहीतर निबने, ती वाक्यं बसवली होती आणि मी त्यांच्यावरून वाचायला शिकले. त्या माणसाचं नाव मला कुठल्याच पानावर सापडलं नाही. चित्रकारांचीही कैक ठिकाणी सापडत नाहीत, मग अक्षरं काढणाऱ्याचं कोण छापणार.

दुसरी शाळा दिवाळी अंकांची. शेजारच्या काकांकडे ‘आवाज’ यायचा. त्यातली खिडकीचित्रं आम्हाला पाहायची मनाई होती, म्हणून आम्ही ती अंक उलटा धरून, खिडकीच्या फटीतून पाहायचो. वर एक चित्र, कापलेली झडप उघडली की आत भलतंच. कागद कापून गोष्ट सांगता येते हे मला तिथे कळलं, गोष्ट कळली नाही तरी. आणि शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं. एक अक्षर नाही, आणि आख्खी गॅलरी हसतेय. आप्पांना ती फार आवडायची. आप्पा वाचायला कंटाळायचे, पण फडणीसांचं चित्र दहा-दहा मिनिटं गुडघ्यावर ठेवून बघायचे, मग आईला हाक न मारता नुसतं बोटाने दाखवायचे.

आप्पा असेच बोलायचे. बोटाने, भुवईने, ओठांनी. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, अठरा वर्षं काढलेला माणूस. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मी त्यांना साच्यावर कधी पाहिलं नाही. मला आठवतात ते वरळीच्या एका बिल्डिंगखाली वॉचमन असलेले आप्पा. पान ६ वर त्यांना साच्यासमोर उभं करायचं होतं, म्हणून मी भिवंडीला ओळखीने एका यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले. दार उघडल्यावर आवाज कानात आला असं म्हणताच येणार नाही, तो छातीवर आदळला. खडाड खट, खडाड खट, आणि तसे चाळीस माग एकदम. पाच मिनिटांत मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येईना. एक कामगार पलीकडच्या रांगेतल्या दुसऱ्याशी बोलत होता. मोठ्याने ओरडून नव्हे, गळ्यातून आवाजच काढत नव्हता. ओठ स्पष्ट, जरा जास्तच रुंद करून हलवायचा, आणि हाताची एखादी खूण. दुसरा हसला आणि त्यानेही तसंच उत्तर दिलं. माझ्या हातातली पेन्सिल थांबली, कारण ते ओठ मी ओळखत होते. घरी, जेवताना, आई आणि आप्पा असंच बोलायचे. आप्पा आवाज न काढता काहीतरी म्हणायचे आणि आई मीठ पुढे करायची. लहानपणी मला वाटे दोघांचं काहीतरी गुपित चाललंय. मला ते वाचता येत नव्हतं. मी कधी शिकलेच नाही.

तेव्हा मुंबई सेंट्रलला उद्घोषणेच्या गोंगाटात आप्पा आवाज काढून बोलले की गोंगाट ऐकून सवयीने नुसते ओठांनी बोलले, हेही मला सांगता येत नाही.

सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात एक गंमत असते. पानं क्रमाने छापली जात नाहीत, दुमडल्यावर क्रमाने येतात. चोवीस पानांच्या पुस्तकात एका बाजूला शेजारीशेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी पंचवीस. म्हणजे पान ६ च्या शेजारी पान १९. हे मला माहीत होतं, पण शीट पाहेपर्यंत जाणवलं नव्हतं. पहिल्या छपाईचा एक न दुमडलेला ताव बाइंडरने मला रद्दीतून काढून दिला होता. डावीकडे साच्यासमोरचे आप्पा, ओठ हलताहेत, आणि तिथे मी फुगाच काढला नव्हता. उजवीकडे फलाटावरचे आप्पा, आणि फुग्यात ‘पोचल्यावर पत्र टाक.’ तो ताव कित्येक महिने माझ्या भिंतीवर होता. डावीकडचं चित्र मी आवडीने बघायचे आणि उजवीकडे नजर गेली की मला पुन्हा त्या रात्रीसारखं व्हायचं.

आपण ज्याला स्वतंत्र कॉमिक्स म्हणतो, त्यातल्या ‘स्वतंत्र’ या शब्दाशी मी तेव्हापासून अडखळते. प्रकाशकाकडे गेले नाही, कुणाची परवानगी मागितली नाही, विषय, पानं, किंमत सगळं माझं मी ठरवलं. टेबलं मांडून बसणारे आम्ही सगळेच असे. कुणी जाहिरात कंपनीत दिवसभर स्टोरीबोर्ड काढतं, कुणी मुलांच्या मासिकांसाठी चित्रं काढतं, आणि रात्री हे. अभिजीत किणीची ‘अँग्री मावशी’ अशीच स्वतःच्या बळावर बाहेर पडली, अस्सल मुंबईची बाई, आणि तिच्यामुळे माझ्यासारख्या कितीजणींना वाटलं की आपल्या चाळीतलं माणूससुद्धा नायिका होऊ शकतं. संध्याकाळी विक्री थंडावली की टेबलांवर अदलाबदल सुरू होते, तुझं एक दे, माझं एक घे. माझ्या कपाटातला निम्मा संग्रह या अदलाबदलीतला आहे, आणि तोच मला सगळ्यात प्रिय आहे. पण यातलं एकही पुस्तक एकट्याने झालेलं नाही. कुणाच्या भावाने स्कॅन केलंय, कुणाच्या आईने पिना मारल्यात, कुणाच्या प्रेसवाल्याने उधारीवर कागद दिलाय.

अमेरिकेतल्या भूमिगत कॉमिक्सची गोष्ट सांगताना १९६८ च्या ‘झॅप’चं नाव येतंच. रॉबर्ट क्रंब आणि त्याच्या बायकोने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत अंक ठेवून विकले, हे चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण मला त्याहून जवळची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या अंकाच्या पहिल्या छपाईच्या प्रतींवर मागच्या बाजूला छापणाऱ्याचं नाव आहे, चार्ल्स प्लायमेल. तो कवी होता आणि त्याच्याकडे छपाईचं मशीन होतं. आज संग्राहक पहिली छपाई ओळखतात ती त्या नावावरून. पुढे न्यूयॉर्कमध्ये फ्रान्स्वाज मुली छपाई शिकली, घरात मशीन आणून बसवलं, आणि १९८० मध्ये तिने आणि आर्ट स्पीगलमनने ‘रॉ’ हे कॉमिक्सचं नियतकालिक सुरू केलं. त्याच्या सातव्या अंकाच्या प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा त्यांनी हाताने फाडला आणि आत चिकटपट्टीने लावला. मी त्या चाळीस प्रती रंगवत बसले होते तेव्हा मला हे आठवलं आणि जरा धीर आला. ओरिजित सेनचं नर्मदेवरचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेने काढलं. नंतर कित्येक वर्षं ते बाजारात मिळायचंच नाही. आम्ही बडोद्याला असताना कुणाकडे तरी त्याची झेरॉक्स होती, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स मी काढली. काळे भाग राखाडी झालेले, बारीक रेषा उडालेल्या, फुग्यातली काही अक्षरं कुणीतरी पेनने गिरवलेली. २०२२ मध्ये ते पुन्हा छापून आलं तेव्हा मी विकत घेतलं आणि शेजारी ती झेरॉक्स ठेवून पाहिली. एका ठिकाणी गिरवणाऱ्याने अंदाजाने भलताच शब्द लिहिला होता. वीस वर्षं मी ते वाक्य तसंच वाचत आले होते, आणि मला ते तसंच आवडत होतं.

फुग्यांबद्दल मी सगळ्यात जास्त शिकले ते ‘भीमायन’ या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या चित्रकथेतून. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चौकटी काढल्याच नाहीत. माणसांना खोक्यांत कोंडायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. आणि बोलण्याचे फुगे दोन जातीचे केले. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. आणि ज्या बोलण्यात विष आहे, पाणी नाकारणारं, जात काढणारं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. बाबासाहेब आमच्या परळच्या बीआयटी चाळीत राहायचे हे मी लहानपणापासून ऐकत आले, त्यांच्यावरची पुस्तकं वाचली, पण मास्तर आणि शिपाई यांच्या तोंडातून निघालेली ती नांगी पाहिली तेव्हा पाणी नाकारलेल्या त्या पोराच्या घशाची कोरड मला पहिल्यांदा कळली. ते पान पाहिल्यावर मी महिनाभर काही काढलं नाही. शब्द कुठून आले आणि कुठे जाऊन लागले, हे अक्षर वाचण्याआधी फुग्याने सांगायचं असतं. आप्पांच्या फुग्याची शेपटी मी खिडकीच्या गजांपर्यंत आणून तिथेच थांबवली होती. ती आत, माझ्यापर्यंत येत नाही. एवढी एक गोष्ट छापताना कुणी बदलली नाही, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

रंगवलेल्या चाळीस प्रती मी विकायला ठेवत नसे. पण एका झीन मेळ्यात, म्हणजे अशा स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तकांच्या मेळ्यात, गडबडीत त्यातली एक टेबलावर गेली. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, असेल आठवी-नववीतली, पान १९ वर आली, डाग पाहिला, नख लावून पाहिलं. मग पान वर ट्यूबलाइटकडे धरलं. मागून उजेड आल्यावर अक्षरं दिसतात, मला हे माहीत नव्हतं. तिने सावकाश उलट-सुलट करून वाचलं आणि विचारलं, "हे का खोडलं?" मी म्हटलं, "ते म्हणाले नव्हते." "मग काय म्हणाले?" "ऐकू आलं नाही गं." तिने पुन्हा पान उजेडात धरलं. "तुम्ही नंतर विचारलं नाही?"

विचारलं होतं. पुष्कळ उशिरा, आप्पा सत्तरीच्या पुढे गेल्यावर, कानांनी जवळजवळ ऐकू येईनासं झाल्यावर. गणपतीत सगळे जमलो होतो, भजन चालू होतं, आणि मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, आप्पा, मी बडोद्याला निघाले तेव्हा स्टेशनवर काय म्हणाला होतात? त्यांनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "डबा वेळेवर खा म्हणालो असेन." असेन. म्हणजे त्यांच्याकडेही तो फुगा रिकामाच होता. आणि तेही माझ्यासारखेच, ताईंसारखेच, त्यात काहीतरी बसेलसं शोधत होते. ते गेले त्याला आता सहा वर्षं होतील.

त्या मुलीने तीच प्रत मागितली. म्हटलं, चांगली देते, ही डागाळलेली आहे. नको म्हणाली, हीच.

पाचशे प्रती संपायला दोन वर्षं लागली. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा मित्रमैत्रिणींत दोन तट पडले. ओळ राहू दे, असं म्हणणारे जास्त. वाचणारे त्याच ओळीपाशी थांबतात हे मी स्वतः टेबलामागे बसून पाहिलं होतं. कुडाळच्या गृहस्थांसारखे निदान सात-आठजण. त्यांचं रडू खोटं कसं म्हणू? पण प्रत्येक वेळी कुणी ते पान माझ्यासमोर धरलं की मला वाटायचं, मी आप्पांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालून त्यावर दीडशे रुपये घेतेय. रात्र रात्र उलटसुलट विचार केला. शेवटी, ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांना भेटल्याशिवाय ठरवायचं नाही, असं ठरवून मी प्रेसमध्ये गेले. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. रागावून नव्हे, रागावेन म्हणून.

ताई डोंबिवलीहून येतात. पन्नाशीच्या, मनगटाला दोरा, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली पण बोटं न बघता चालणारी. मी नवी फाइल आणली होती, सगळ्या अक्षरांचे कर्व्ह केलेली. पान १९ स्क्रीनवर आलं तेव्हा मी विचारलं. त्यांना लगेच आठवलं. "अहो मॅडम, एकसष्ट तुटले होते. मला वाटलं, हा अख्खाच उडाला. मागचं पुढचं वाचलं, कुठे सापडेना. तुम्हाला फोन लावला, लावला, लागेना. साडेअकराला प्लेटवाला येऊन उभा."

"मग हेच का लिहिलंत?"

त्या माऊसवरचा हात काढून बसल्या. "आमचे वडील हेच म्हणायचे. कुणीही कुठेही निघालं की. मी चौथीत होते, सुट्टीत मामाकडे निघाले होते साताऱ्याला, तर मलाही तेच. पोचल्यावर पत्र टाक. मला कुठे पत्र लिहायला येत होतं तेव्हा! मामाने लिहिलं, मी खाली नाव काढलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचे काय म्हणाले होते?"

मी सांगितलं. उद्घोषणेचं, साचेखात्याचं, सगळं. पलीकडे मशीन चालू होतं, त्यामुळे मला जरा मोठ्याने सांगावं लागलं. त्या ऐकत होत्या आणि स्क्रीनवरच्या फुग्याकडे बघत होत्या. "म्हणजे रिकामाच होता," त्या म्हणाल्या. "हो." "आणि ती ओळ जाणार आता." मी मान हलवली. त्यांनी विचारलं, जुन्यातली एखादी प्रत आहे का. माझ्या पिशवीत एक होती. त्यांनी ती घेतली, पान १९ काढून एकदा बघितलं आणि पर्समध्ये डब्याच्या शेजारी उभी ठेवली. श्रेयांच्या पानावर ‘अक्षरजुळणी’समोर त्यांचं नाव मी आधीच घातलं होतं. त्याकडे बघून त्यांनी फक्त आडनावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ करून घेतला.

प्रूफ निघालं. मी सही करणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात थांबवला. "असंच गेलं तर मशीनवरचा पोरगा परत थांबवणार. किंवा नाही थांबवणार, आणि कुणीतरी काहीतरी करेल. लिहून द्या." त्यांनी लाल पेन पुढे केलं. मी समासात लिहिलं, ‘पान १९, फुगा रिकामाच ठेवणे.’ ताईंनी प्रूफ आपल्याकडे ओढून घेतलं, वाचलं, फुग्याभोवती लाल पेनाने एक गोल केला, आणि माझ्या ओळीखाली त्यांच्या सरळ, सुट्या अक्षरांत लिहिलं, ‘बरोबर आहे.’ मग मशीनवरच्या पोराला हाक मारली. आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यांनी प्रूफ वर धरून हलवलं, तो हात पुसत आला, ताव घेऊन गेला.